बंद पडलेल्या संगणकाने कोणता कीबोर्ड गृहीत धरावा?

जर्मनीत शिकून पुण्याला परतलेल्या एका मुलीचा लॅपटॉप दुरुस्तीला आला. अपडेट चालू असताना बॅटरी संपली आणि त्यानंतर मशीन बूटच होईना. आत लिनक्स, आणि अख्खी डिस्क पासवर्डने कुलूपबंद केलेली. दुकानदारांनी दुरुस्तीच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि मालकिणीला फोन लावला. तिने एकेक अक्षर सांगायचं, यांनी एकेक बटण दाबायचं. टाइप केलेलं पडद्यावर दिसत नव्हतं, ठिपकेसुद्धा नाहीत. एंटर मारल्यावर उत्तर आलं की या पासवर्डशी जुळणारी किल्ली नाही. पुन्हा सगळं सावकाश सांगून झालं, पुन्हा तेच उत्तर. शेवटी ती फोनवर म्हणाली, “मीच विसरले असेन.”

ती विसरली नव्हती. डिस्कही शाबूत होती. लॅपटॉपचा कीबोर्ड जर्मन होता आणि पेन ड्राइव्हवरची सिस्टिम तो अमेरिकन आहे असं धरून चालली होती.

दुकानदार माझे जुने स्नेही. त्यांची भाची सॉफ्टवेअर इंजिनिअर, जर्मनीत काही वर्षं नोकरी करून आलेली. ती त्या दिवशी दुकानात होती म्हणून घोटाळा उलगडला. मग मामा-भाचीचं जे जुंपलं ते दुकान बंद करायची वेळ झाली तरी संपेना. ते बोलणं मी थोडं सलग करून इथे देतो आहे. या वादात माझीही एक बाजू आहे. ती मधे मधे सांगेनच.

भाची: मामा, तू डिस्कचा हेडर, म्हणजे कुलपाची माहिती असलेला भाग, उडाला असणार म्हणालास. मी नसते तर तिला फोनवर विचारलं असतंस, “फॉरमॅट मारू का?”

मामा: विचारलं असतं. विचारल्याशिवाय मारला नसता. आणि हेडर उडतो गं. अपडेट चालू असताना लाइट गेली की काय काय होतं ते मी बघतो इथे बसून. मशीन म्हणतंय किल्ली जुळत नाही, मालकीण म्हणतेय पासवर्ड बरोबर आहे. मधे उरलं काय? डिस्क.

भाची: मधे कीबोर्डही होता. तो तुला आठवला नाही, कारण त्याचा पडद्यावर कुठे उल्लेखच नव्हता. आणि तिला तर डिस्कपेक्षा स्वतःचीच शंका आली. रोज टाकायचा पासवर्ड, तरी म्हणाली मी विसरले असेन. वाईट मला त्याचं वाटतं.

मामा: ते मलाही वाटलं. पण दोष कुणाला देणार? सिस्टिमला सुरुवातीला काहीतरी धरावंच लागतं. अक्षर टाइप व्हायचं तर लेआउट हवा, आणि लेआउट निवडायचा तर आधी काहीतरी टाइप करायला हवं. त्यातून सुटायचं म्हणून कुणीतरी ठरवलं, अमेरिकन धरा. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक लॅपटॉप त्याच लेआउटचे. मला कधी अडचण आली नाही.

भाची: तुला नाही आली, कारण तुझा कीबोर्ड आणि त्यांचा अंदाज एकच निघाला.

इथे जरा थांबून कीबोर्डचं काम सांगायला हवं. आपण बटण दाबतो तेव्हा कीबोर्ड अक्षर पाठवत नाही. कुठल्या जागेवरचं बटण दाबलं गेलं त्याचा क्रमांक पाठवतो. अमेरिकन कीबोर्डवर टीच्या उजवीकडे वाय असतो, जर्मन कीबोर्डवर तिथे झेड असतो. वाय खाली डाव्या कोपऱ्यात गेलेला असतो. जागा एकच, म्हणून क्रमांकही एकच: यूएसबी कीबोर्ड असेल तर दोन्हीकडून २८. त्या २८चा वाय करायचा की झेड हे सिस्टिम स्वतःजवळच्या तक्त्यावरून ठरवते. बटणावर काय छापलं आहे हे तिला दिसत नाही.

कीबोर्डने आपला देश सांगावा अशी सोय नियमांत आहे. यूएसबी कीबोर्ड-माउससाठीच्या २००१च्या नियमावलीत देशाचा क्रमांक लिहायला एक रकाना आहे. जर्मनीला ९, ब्रिटनला ३२, अमेरिकेला ३३. यादी ३५पर्यंत जाते आणि तिच्यात भारत नाही. पण बहुतेक कीबोर्ड त्या रकान्यात शून्य टाकून मोकळे होतात. लॅपटॉपच्या आतले कितीतरी कीबोर्ड तर अजून यूएसबीच्या आधीच्या पद्धतीने जोडलेले असतात, तिथे हा रकानाच नाही. तेव्हा सिस्टिमला अंदाज करावा लागतो, हे मामांचं म्हणणं खरं आहे.

भाची: अंदाज करा, माझी ना नाही. पण तो चुकला तर काय होतं ते बघ. समज, पासवर्ड कसाबसा गेला आणि आता फाइल सिस्टिम तपासायची आहे. एफएससीके, स्पेस, डॅश वाय, स्पेस, मग स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए-दोन. जर्मन कीबोर्डवर छापलेलं बघून टाइप करत जा. एफएससीके नीट उमटतं, ती अक्षरं दोन्हीकडे एकाच जागी आहेत. पुढे डॅश दाबलास की उमटतो स्लॅश. वाय दाबलास की झेड. आणि स्लॅश जर्मन कीबोर्डवर शिफ्ट-सातला असतो, तो दाबलास की उमटतं &.

मामा: म्हणजे आदेश चुकतो. मशीन चूक दाखवतं, आपण पुन्हा टाइप करतो.

भाची: नुसता चुकत नाही. शेलच्या दृष्टीने & म्हणजे, इथवरचं काम मागे चालू ठेव आणि पुढचं घे. तुझ्या एका आदेशाचे तीन तुकडे होतात आणि तिन्ही स्वतंत्रपणे चालायला जातात.

मामा: आणि तिन्ही फसतात. तसलं काही अस्तित्वातच नसतं.

भाची: या वेळी फसतात. तू रूट म्हणून बसलेला असतोस मामा, मशीन आधीच आजारी असतं, आणि तू लिहिलेलं एक, चाललेलं दुसरंच. मला घाबरायला तेवढं पुरतं.

मामा: पण निदान ते दिसतं तरी. पासवर्डसारखं अंधारात नाही. डॅशच्या जागी स्लॅश दिसला की माणूस थांबतो.

भाची: थांबतो, आणि मग लेआउट बदलायला जातो. त्यासाठी आदेश आहे लोडकीज. त्यात वाय आहे! तो काढायला झेड दाबायचा हे आधी माहीत हवं. जर्मन सिस्टिम ॲडमिन ‘लोडकेझ्स’ असं काहीतरी पाठच करून ठेवतात. फ्रेंच कीबोर्डवर त्यातल्या ए-साठी क्यू दाबावा लागतो. काही दुरुस्तीच्या सिस्टिमना बूट होतानाच लेआउट सांगता येतो, पण त्या ओळीत बरोबरचं चिन्ह लागतं. ते जर्मन कीबोर्डवर शिफ्ट-शून्यला आहे, आणि अमेरिकन लेआउटमध्ये तिथून कंस उमटतो. म्हणजे औषधाची बाटली उघडायला आधी बरं व्हायला हवं.

मामा: बरं, आता माझं ऐक. मी हे काम डॉसच्या काळापासून करतोय. या टेबलावर कुठलंही मशीन येतं: ऑफिसचं, शाळेचं, कुणाच्या मुलाने परदेशातून पाठवलेलं, कुणी जुन्या बाजारातून घेतलेलं. आत काय भरलंय ते मला माहीत नसतं. पण बायोसच्या स्क्रीनवर अमेरिकन लेआउट, ग्रबच्या स्क्रीनवर अमेरिकन लेआउट, दुरुस्तीच्या पेन ड्राइव्हवर तोच. तो माझ्या बोटांत बसलाय. बाकी सगळं बिघडलेलं असताना एवढी एक गोष्ट पक्की असते. तू म्हणतेस तसं प्रत्येक मशीनने आपापला लेआउट लावायला सुरुवात केली, तर हे पक्कं काय ते जाईल.

भाची: ते तरी कुठे पक्कं आहे? रास्पबेरी पाय घे. २०१२मध्ये तो बाजारात आला. तो बनवणारे केंब्रिजचे, म्हणून त्याच्या सिस्टिमचा लेआउट मुळात ब्रिटिश. आपल्या कॉलेजच्या लॅबमधली पोरं त्याला दुकानातला साधा कीबोर्ड लावतात, म्हणजे अमेरिकन. शिफ्ट-दोन दाबलं की ॲटच्या जागी अवतरणचिन्ह येतं. शिफ्ट-तीनला पौंड. उभी रेघ हवी असते, उमटते नागमोडी. आणि आपल्याकडे पासवर्ड कसे असतात? नाव, ॲट, एक-दोन-तीन. ॲट कुठे गेला ते दिसत नाही, पासवर्ड चालत नाही, पोरगं म्हणतं बोर्डच खराब आहे.

मामा: मग माझाच मुद्दा सिद्ध झाला की! त्यांनी अमेरिकन ठेवला असता तर पोरांची फसगत झाली नसती. सगळ्यांनी मिळून एकच धरायला हवा.

भाची: आणि ब्रिटनमधल्या पोरांची? त्यांच्या कीबोर्डवर ॲट दुसरीकडेच छापलेला आहे. तुझा ‘एकच’ दरवेळी तुझ्या सोयीचा निघतो.

मामा यावर गप्प बसले नाहीत, पण जरा मागे सरले असं मला वाटलं. पाठ असलेल्या गोष्टीवर विसंबून काम करणाऱ्याची बाजू मला पटते. बिघडलेल्या यंत्रापुढे बसलेल्याला काहीतरी स्थिर हवं असतं. मात्र ती स्थिरता कारागिराच्या बोटांची आहे आणि पासवर्ड मालकाच्या बोटांचा आहे. दोघांचीही बोटं एकाच देशात टायपिंग शिकलेली असतील असं धरणं आता चुकीचं आहे. पुण्यातली मुलं जर्मनीत शिकतात, लॅपटॉप तिथेच घेतात आणि घेऊन घरी येतात. हा प्रश्न आता परक्या देशाचा राहिलेला नाही.

मामा: हे बघ, हा रिफर्बिश्ड लॅपटॉप. युरोपातनं आलेला माल. कीबोर्ड जर्मन आहे, वर अमेरिकन अक्षरांचे स्टिकर चिकटवलेत. ज्याने घेतला तो अमेरिकन लेआउटवरच टाइप करतो. समजा कीबोर्डने त्या रकान्यात खरं सांगितलं, नऊ, जर्मन. सिस्टिमने विश्वास ठेवला. मग याचा पासवर्ड चालेल?

भाची: नाही चालणार.

मामा: तेच! आणि ज्यांना न बघता टाइप करता येतं, त्यांना काय छापलंय याच्याशी घेणं नसतं. तूच जर्मन लॅपटॉपवर अमेरिकन लेआउट लावून काम करायचीस ना?

भाची: करायचे. म्हणून तर मी म्हणतेय, कीबोर्डला विचारू नका, मालकाला विचारा. त्याने रोजच्या वापरात एक लेआउट निवडलेला आहे. तो कुठेतरी जपून ठेवा आणि दुरुस्तीच्या वेळी तोच पुढे करा.

मामा: कुठे जपणार? डिस्कवर? तीच उघडत नाहीये.

भाची: मदरबोर्डच्या मेमरीत. मॅकमध्ये तसं आहेच: आधीची भाषा आणि कीबोर्ड यांची नोंद एनव्हीरॅममध्ये राहते. बाकीच्या मशीनमध्येही यूईएफआयने भाषेची नोंद ठेवायला जागा दिलेली आहे. तशीच लेआउटची ठेवता येईल.

मामा: मॅक दुरुस्तीला आला की बरेचदा आधी एनव्हीरॅम रीसेट करतात. तुझी नोंद गेली. बोर्ड जळाला की मी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावतो. नोंद राहिली जळक्या बोर्डवर. जेव्हा खरोखर गरज असते तेव्हा ती नसतेच.

भाची: तेवढ्या वेळा नसेल. बाकीच्या वेळा असेल.

मामा: आणि लोक त्या ‘बाकीच्या वेळां’वर विसंबतील. पासवर्डात वाटेल ते घालतील: रुपयाचं चिन्ह, जर्मन अक्षरं, देवनागरीसुद्धा. मग एक दिवस डिस्क दुसऱ्या मशीनवर आली की बसा. त्यापेक्षा व्हेराक्रिप्टची रीत मला आवडते. सिस्टिमची डिस्क कुलूपबंद करताना पासवर्ड ठरवायच्या वेळीच ते लेआउट अमेरिकन करून टाकतं. बूटच्या वेळी दुसरा लेआउट मिळणार नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून आधीच सवय लावतं. किंवा बिटलॉकर बघ. त्याची रिकव्हरी की म्हणजे ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. अक्षर एकही नाही. लेआउटच्या भानगडीतच पडायचं नाही. प्रत्येक गटाला अकराने भाग जातो, म्हणून कुठल्या गटात चूक झाली तेही लगेच कळतं.

भाची: बिटलॉकरचं उदाहरण तू माझ्या बाजूने दिलंस. फ्रेंच कीबोर्डवर वरच्या रांगेतले आकडे शिफ्ट दाबून येतात. नुसतं बटण दाबलं तर काय उमटेल हे लेआउटवर अवलंबून. पण तिथे एफ-१ ते एफ-१० ही बटणंही आकड्यांसारखी चालतात, एफ-१० म्हणजे शून्य. ती जगभर एकाच जागी असतात. कुणीतरी बसून विचार केलेला दिसतो की घाबरलेला माणूस अनोळखी स्क्रीनपुढे बसून ४८ आकडे टाकणार आहे, त्याचं कसं होईल. मला एवढाच विचार सगळीकडे हवा आहे. व्हेराक्रिप्टचंही मला खटकत नाही, कारण ते आधी करतं आणि उघड करतं. तुझ्या पेन ड्राइव्हने काहीच सांगितलं नाही.

मामा: पण मराठीचं काय करणार? ते तर अमेरिकन-जर्मनच्याही पलीकडचं आहे.

भाची: मराठीचं तू सांग. तुझ्याकडे गिऱ्हाइकं येतात.

मामा: येतात ना. कचेरीत इनस्क्रिप्टवर काम करणारी माणसं. तो लेआउट १९८६मध्ये सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणला, स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. दिवसभर त्यावर छान काम करतात. सकाळी मशीन चालू करतात आणि पासवर्ड चालत नाही म्हणून फोन येतो. मी एवढंच म्हणतो, “कोपऱ्यात भाषेची खूण आहे ना, तिथे काय दिसतंय?” लॉगिनला मराठी राहिलेली असते. ती इंग्रजी करा, झालं. फोनवरच काम होतं.

भाची: फोनवरच होतं. का?

मामा: का म्हणजे?

भाची: कारण कोपऱ्यात खूण आहे! मराठी आणि इंग्रजी, याहून मोठा फरक कुठल्या दोन लेआउटमध्ये असणार? तरी तुला एक प्रश्न पुरतो. इथे झेड-वाय आणि एका डॅशचा फरक होता, आणि तू हेडर उडाल्याचं निदान करून बसलास. तुझ्याइतका जाणता माणूस. खूण नव्हती, एवढंच कारण.

मला वाटतं, त्या संध्याकाळी वादाचा खरा गाभा इथे सापडला. तोवर दोघं अंदाज कुठला बरोबर यावर भांडत होते. अमेरिकन धरला तर जर्मनीत शिकून आलेली अडते, कीबोर्डचा धरला तर स्टिकरवाला अडतो, मालकाचा धरला तर जळक्या बोर्डवाला. कुठल्याही अंदाजाने कुणीतरी अडणारच. पण अंदाज केला आहे ही गोष्ट पडद्यावर लिहायला कुणाची हरकत असण्याचं कारण नाही. पासवर्डच्या रकान्याच्या वर एक ओळ: कीबोर्ड अमेरिकन धरला आहे. शेजारी एक मोकळा रकाना, जिथे चार बटणं दाबून बघता येतील. ही काही नवी कल्पना नाही. उबुंटू बसवताना लेआउट निवडला की टाइप करून बघायला असाच रकाना समोर येतो. विंडोजच्या रिकव्हरीतही लेआउट निवडायला यादी येते. म्हणजे धडधाकट मशीनवर पहिल्यांदा सिस्टिम बसवणाऱ्या निवांत माणसाला जी सोय मिळते, ती अडचणीत सापडलेल्याला बरेचदा मिळत नाही. हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

मामा: खुणेचं मान्य. ती असायला हवी. आणि आठवलं, डॉसमध्ये दुसऱ्या देशाचा कीबोर्ड लोड केला की कंट्रोल-ऑल्ट-एफ-१ दाबून अमेरिकन लेआउटवर जाता यायचं, एफ-२ दाबलं की परत आपल्या. कुठूनही.

भाची: केवढ्याशा मेमरीत! आणि आता?

मामा: आता शोधावं लागतं. पण एक सांगतो, तुझ्या सगळ्या सोयी मुळाशी इंग्रजी अक्षरांवरच येऊन थांबतात. लिनक्सच्या साध्या कन्सोलला एका वेळी ५१२च आकृत्या ठेवता येतात, आणि त्याला अक्षरं जोडता येत नाहीत. जोडाक्षर आलं की संपलं. देवनागरीत नाव दिलेली फाइल तिथे धड वाचताही येत नाही. डेबियन बसवताना मराठीसारखा लेआउट निवडलास तर ते लगेच विचारतं, इंग्रजी अक्षरांवर जायला कुठलं बटण ठेवू? तिथेही शेवटचा आधार इंग्रजी अक्षरांचाच आहे.

भाची: पण विचारतं, मामा. गुपचूप ठरवत नाही. आणि मराठी मुळाशी चालत नाही ही कन्सोलची उणीव आहे, तिला आधार म्हणून मिरवायचं नाही. आपला पासवर्ड इंग्रजी अक्षरांत ठेवणं शहाणपणाचं आहे, ते मीही सांगेन. पण ज्याने मराठीत ठेवला त्याला मशीनने सांगायला हवं की इथे मराठी उमटत नाहीये. नुसतं ‘चुकला’ म्हणायचं नाही.

मामा: बरं, या लॅपटॉपचं काय करायचं? उद्या ती न्यायला येईल. बूट होतंय आता, पण पुन्हा कधी अडकली आणि दुसऱ्या कुणाकडे गेली तर तोही डिस्कलाच दोष देणार.

भाची: कुलपाला एकच किल्ली असते असं कुठे आहे? तिच्या डिस्कचं कुलूप लक्सचं आहे. त्याच्या पहिल्या रचनेत किल्ल्यांना आठ जागा असतात, दुसरीत बत्तीस. दुसऱ्या जागेत दुसरा पासवर्ड घालू. तिची बोटं तीच बटणं दाबणार, पण लेआउट अमेरिकन असला तर जे उमटेल ते. वायच्या जागी झेड, डॅशच्या जागी स्लॅश. मग लेआउट यातला कुठलाही असो, तिने नेहमीसारखं टाइप केलं की डिस्क उघडेल.

मामा: हे मला आवडलं. म्हणजे अंदाज दोन्हीकडून बरोबर.

भाची: या दोन देशांपुरता. आणि अडचण यायच्या आधी केलं तरच. तिच्या वतीने आपण करायचं नाही हं, पासवर्ड तिचा आहे. ती आली की तिच्याकडूनच टाइप करून घेऊ.

मामा: अर्थात. आणि जॉब कार्डवर एक ओळ वाढवतो. कीबोर्ड कुठल्या देशाचा?

भाची: ते तुला बघूनच कळतं. विचारायचं ते हे, की पासवर्ड ठरवला तेव्हा लेआउट कुठला होता.

मामा: अगं, लेआउट म्हणजे काय हे निम्म्या गिऱ्हाइकांना माहीत नसतं. तोंडाकडे बघत बसतील.

भाची: मग असं विचार. तुमच्या मशीनवर शिफ्ट धरून दोन दाबलं की काय उमटतं? ॲट म्हणाले तर अमेरिकन. दोनचा आकडाच म्हणाले तर फ्रेंच. अवतरणचिन्ह म्हणाले तर ब्रिटिश किंवा जर्मन; मग टीच्या उजवीकडच्या बटणातून काय उमटतं ते विचार. वाय म्हणाले तर ब्रिटिश, झेड म्हणाले तर जर्मन.

मामा: दोन प्रश्न. हे फोनवरही विचारता येईल. पोऱ्याला शिकवता येईल.

भाची: आणि पेन ड्राइव्ह?

मामा: पेन ड्राइव्हचा लेआउट मी अमेरिकनच ठेवणार. माझं काम त्यावर चालतं.

भाची: ठेव. पण बूट झाल्यावर पहिल्या ओळीत तसं लिहून यायला हवं, आणि बदलायला एक बटण हवं. डॉससारखं.

मामा: मग ते तू करून दे. आजच बस. उद्या सकाळी दोन मशीनं यायची आहेत.